बंब पोहोचण्यापूर्वीचा प्रश्न

अग्निशमन आणि बचावकार्य हा राजकारणाचा विषय नाही, अशी समजूत सार्वजनिक जीवनात रूढ आहे. आग लागली, इमारत कोसळली, दरड आली की दलाचे जवान धावतात. त्यांच्या धैर्याचे कौतुक होते, मृतांच्या वारसांना मदत जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत विषय मिटतो. पक्षांच्या जाहीरनाम्यांत पाणी, घरे, शाळा, रस्ते यांना स्थान असते. अग्निशमन केंद्राचा उल्लेख क्वचितच सापडतो. डाव्या आणि समाजवादी पक्षांचे जाहीरनामेही याला फारसे अपवाद नाहीत. घाटकोपरचा गेल्या पाव शतकाचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. या सेवेचे नियोजन हा जमीन, पैसा आणि अधिकार यांच्या वाटपाचा प्रश्न आहे, आणि वाटपाचा प्रश्न राजकारणाबाहेर ठेवता येत नाही.

हा अनुभव क्रमाने पाहणे उपयुक्त ठरेल. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात डोंगराचा कडा झोपड्यांवर कोसळला आणि साठाहून अधिक माणसे गाडली गेली. २५ जुलै २०१७ रोजी लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या दामोदर पार्क परिसरात चार मजली निवासी इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर सुरू असलेल्या नूतनीकरणात इमारतीच्या खांबांना हात लावल्याचा आरोप त्या वेळी पुढे आला. २८ जून २०१८ रोजी एक छोटे विमान घाटकोपर पश्चिमेच्या भरवस्तीत, बांधकाम चालू असलेल्या जागेवर कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्यावरील एक पादचारी असे पाच जण मरण पावले. बांधकामावरील मजूर त्या वेळी जेवणाच्या सुट्टीवर होते, म्हणूनच हा आकडा वाढला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये एका उपाहारगृहाला आग लागली. एकाचा जीव गेला आणि शेजारच्या रुग्णालयातील रुग्णांना घाईघाईने दुसरीकडे हलवावे लागले. १३ मे २०२४ रोजी वळवाच्या वादळात छेडा नगरच्या पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळला आणि १७ जणांना प्राण गमवावे लागले. सत्तरहून अधिक जखमी झाले.

या यादीत रूढ अर्थाने आगीची म्हणावी अशी घटना एकच आहे. बाकीच्या बहुतेक ठिकाणी अग्निशमन दलाला ढिगारा उपसणे, लोखंड कापणे, मातीखालची माणसे शोधणे हेच काम करावे लागले. विमानाचा अपघात सोडला, तर प्रत्येक घटनेचे मूळ अशा निर्णयात होते, ज्यावर अग्निशमन दलाचा काडीचा अधिकार नव्हता. डोंगरउतारावर वस्ती का झाली आणि ती तिथेच का राहिली, निवासी इमारतीच्या तळमजल्यावर काय चालू आहे याची पाहणी कोण करतो, पेट्रोल पंपाशेजारी फलक उभारण्याची परवानगी कोणी दिली, हे सारे निर्णय दुसऱ्या कचेरीतल्या फायलींत होतात. बंब मात्र शेवटी तिथेच बोलावला जातो.

फलकाचा धडा

छेडा नगरची दुर्घटना या दृष्टीने तपशीलवार अभ्यासण्यासारखी आहे. महापालिकेच्या नियमाप्रमाणे मुंबईत ४० फूट बाय ४० फुटांपेक्षा मोठ्या फलकाला परवानगी नाही. कोसळलेला फलक सुमारे १२० फूट बाय १२० फुटांचा होता. म्हणजे क्षेत्रफळाने मर्यादेच्या नऊपट. त्याच्या आकाराची नोंद विक्रमांच्या पुस्तकात झाली होती, त्यामुळे तो कोणाच्या नजरेस पडला नाही असे म्हणण्याची सोय कोणालाच नाही. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील होती आणि परवानगीही तिकडूनच मिळालेली होती. महापालिकेची परवानगी घेतलेली नव्हती, असे महापालिकेने दुर्घटनेनंतर सांगितले. एका शासकीय यंत्रणेच्या जमिनीवर दुसऱ्या शासकीय यंत्रणेचा नियम चालत नाही, या वादात काही वर्षे गेली आणि मधल्या काळात जाहिरातीचे उत्पन्न चालू राहिले.

फलक पडल्यावर जे घडले ते अधिक बोलके आहे. खाली पेट्रोलच्या टाक्या होत्या. लोखंडी सांगाडा कापायला गॅस कटर वापरावा तर भडका उडण्याची भीती, आणि न वापरावा तर खाली अडकलेल्यांपर्यंत पोहोचण्यास विलंब, अशा कात्रीत अग्निशमन दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल सापडले. बचावकार्य तीन दिवस चालले. फलक उभा राहण्यापूर्वी अग्निशमन अधिकाऱ्याला एकच प्रश्न विचारला असता, की हा सांगाडा या जागी पडला तर माणसे कशी बाहेर काढायची, तर त्याचे उत्तर फलकाला परवानगी नाकारण्यास पुरेसे ठरले असते. तो प्रश्न विचारणे कोणत्याही यंत्रणेला बंधनकारक नव्हते. नंतर निवृत्त न्यायमूर्ती दिलीप भोसले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. चौकशी आवश्यकच असते. पण ती झालेल्या गोष्टीची होते. नियोजनाचे काम त्याआधीचे आहे.

कायदा आणि हिशेब

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येत नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या ६१ व्या कलमात महापालिकेची जी अनिवार्य कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत अग्निशमन दल राखणे आणि आगीपासून जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे यांचा समावेश आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्वराज्य संस्थांचे जे विषय आहेत, त्यांत अग्निशमन सेवा हा सातवा. त्याच यादीतला पहिला विषय नगरनियोजन आणि दुसरा जमीनवापराचे व बांधकामाचे नियमन. घटनादुरुस्तीने हे विषय एका संस्थेच्या हाती एकत्र दिले, कारण ते एकमेकांपासून तोडता येत नाहीत. व्यवहारात मात्र ते तोडले गेले आहेत.

आता हिशेब पाहू. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार सुमारे दोन लाख लोकसंख्येमागे एक अग्निशमन केंद्र असावे. स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा निकष शहरी भागात दर १० चौरस किलोमीटरला एक केंद्र असा आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. अग्निशमन केंद्रे पस्तीसच्या आसपास आहेत. म्हणजे एका केंद्रामागे सुमारे साडेतीन लाख माणसे पडतात. लोकसंख्येच्या निकषाने शहराला साठाहून अधिक केंद्रे लागतील, आणि २०११ नंतर वाढलेली वस्ती यात धरलेलीच नाही.

घाटकोपर ज्यात येते त्या एन विभागाची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे सव्वासहा लाख होती आणि क्षेत्रफळ पंचवीस चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. दोन्ही निकष लावले तर या एका विभागाला जवळजवळ तीन पूर्ण केंद्रांची गरज निघते. तुलनेसाठी, त्याच जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाख होती. कोल्हापूरला स्वतःची महापालिका आहे, स्वतःचा अर्थसंकल्प आहे, स्वतःचे अग्निशमन दल आहे, आणि बंब वेळेवर आला नाही तर जाब विचारायला स्वतःचे सभागृह आहे. त्याहून मोठ्या घाटकोपरला एक विभाग कार्यालय आहे. एके काळी घाटकोपर-किरोळ ही स्वतंत्र नगरपालिका होती. १९५० मध्ये बृहन्मुंबईच्या विस्तारात ती विलीन झाली. विलीनीकरणाने पाणी आणि वाहतूक यांचे लाभ मिळाले, हे नाकारता येणार नाही. पण आपल्या परिसराचे नियोजन आपण करण्याचा अधिकार त्या दिवशी गेला, तो पुढे प्रभाग समित्या आल्या तरी परत आला नाही.

निकषांतले किलोमीटर नकाशावरचे असतात. घाटकोपर रेल्वेमार्गाने दुभागलेले आहे. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावर वाहनांची कोंडी नित्याची. असल्फ्याच्या चढावर गल्ली इतकी अरुंद की समोरून हातगाडी आली तर माणसाने भिंतीला टेकावे. बंद खोलीतली आग काही मिनिटांत सारी खोली व्यापते. ढिगाऱ्याखालच्या माणसाची जगण्याची आशा तासागणिक कमी होते. त्यामुळे खरे माप अंतराचे नसून मिनिटांचे आहे, आणि ती मिनिटे बंबाच्या वेगापेक्षा रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतात. तीच गोष्ट पाण्याची. मुंबईच्या रस्त्यांवरील हजारो जलस्तंभांपैकी बहुसंख्य निकामी असल्याचे गेल्या दशकात वारंवार प्रसिद्ध झाले आहे. ज्या वस्तीत प्यायचे पाणी ठरावीक तासच येते, तिथे आग विझवायला टँकरची वाट पाहावी लागते. गोरेगावात मृणाल गोरे यांनी पाण्यासाठी स्त्रियांचे मोर्चे काढले तेव्हा ती लढाई हंड्यापुरती वाटली असेल. प्रत्यक्षात नळाचा दाब हा सुरक्षिततेचाही पाया आहे.

जमीन कोणासाठी

मग केंद्रे का वाढत नाहीत? अर्थशास्त्राच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. अग्निशमन केंद्राचा लाभ म्हणजे न घडलेली दुर्घटना. ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. त्याच भूखंडावर निवासी मनोरा उभा राहिला तर त्याची किंमत पहिल्या दिवसापासून दिसते. मुंबईसारख्या शहरात आरक्षित भूखंड मोकळा राहण्याचा खर्च प्रचंड वाटतो, आणि विकास आराखड्यांतील सार्वजनिक आरक्षणे वर्षानुवर्षे कागदावर राहतात. बाजाराला जे दिसत नाही ते पाहण्यासाठीच लोकनियुक्त संस्था असते. तीही बाजाराच्याच नजरेने पाहू लागली, तर केंद्राची जागा सदैव दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगाची ठरते.

जो खर्च होतो त्याचेही वर्गीय स्वरूप पाहण्यासारखे आहे. उंच मनोऱ्यांसाठी अग्निशमन दलाकडे ९० मीटरची शिडी आहे, आणि असावी. बावीसाव्या मजल्यावरचा माणूसही माणूसच आहे. परंतु मनोऱ्याच्या वाढीव चटईक्षेत्राचा नफा बिल्डरच्या खिशात आणि त्याच्या सुरक्षिततेचा भार सार्वजनिक तिजोरीवर, ही वाटणी न्याय्य नाही. दुसरीकडे डोंगरउतारांची स्थिती पाहावी. २०१० च्या सुमारास झालेल्या सर्वेक्षणात मुंबईत दरडीचा धोका असलेली ३२७ ठिकाणे आणि तेथील २२ हजारांहून अधिक झोपड्या नोंदल्या गेल्या. धोका ठाऊक होता, पत्ता ठाऊक होता. तरीही १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरचे भारत नगर आणि विक्रोळीचे सूर्य नगर येथे भिंती व दरडी कोसळून सुमारे तीस माणसे गेली. आझाद नगरच्या घटनेला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती.

पैसा नाही, हे कारण मुंबईपुरते तरी टिकत नाही. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांतील अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना आखली. साऱ्या देशासाठीची ही रक्कम मुंबईच्या एका वर्षाच्या अर्थसंकल्पाच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी आहे. प्रश्न रकमेचा कमी आणि अग्रक्रमाचा अधिक आहे.

दुसरा युक्तिवाद कार्यक्षमतेचा केला जातो. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली. त्याने परवानाधारक खाजगी संस्थेकडून तपासणी करून घ्यावी आणि दर जानेवारी व जुलै महिन्यांत प्रमाणपत्र सादर करावे, अशी तरतूद आहे. मालकाची जबाबदारी ठरवली हे योग्यच. पण ज्याची तपासणी करायची त्याच्याकडूनच शुल्क घेणारा तपासनीस कितपत कठोर राहील? आणि प्रमाणपत्रांची फेरतपासणी करण्याइतके अधिकारी दलाकडे नसतील, तर कायदा कागद गोळा करण्यापुरता उरतो.

हा अनुभव केवळ मुंबईचा नाही. लंडनमध्ये काटकसरीच्या नावाखाली जानेवारी २०१४ मध्ये एकाच वेळी दहा अग्निशमन केंद्रे बंद करण्यात आली. जून २०१७ मध्ये तेथील ग्रेनफेल टॉवर या सार्वजनिक गृहयोजनेच्या इमारतीतील आगीत ७२ माणसे मेली. बाहेरून बसवलेले ज्वालाग्राही आवरण हे आग पसरण्याचे मुख्य कारण ठरले, आणि रहिवाशांनी धोक्याचे इशारे आधीच देऊन ठेवले होते. श्रीमंत देशाच्या श्रीमंत भागातही गरिबांचा इशारा फायलीत पडून राहू शकतो, एवढे यावरून दिसते.

जवान आणि नगरसेवक

या चर्चेत दलाचा कामगार विसरून चालणार नाही. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात अग्निशमन दलाच्या ६६ जणांनी प्राण दिले. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत जुनी इमारत कोसळून प्रमुख अग्निशमन अधिकाऱ्यासह चार अधिकारी गेले. वार्षिक मानवंदना होते, पण रिक्त जागा वेळेवर भरल्या जात नाहीत. २०२३ मध्ये एकदम ९१० जागांची भरती काढावी लागली, यावरून अनुशेष किती साचला होता याची कल्पना येते. तुटपुंज्या संख्येने दीर्घ पाळ्या करणाऱ्या माणसाकडून शौर्याची अपेक्षा करणे ही व्यवस्थेची बचत आहे, आणि ती त्याच्या प्राणांच्या मोलावर होते.

मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ अशी जवळजवळ चार वर्षे मुंबई महापालिकेत निवडून आलेले सभागृह नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता. छेडा नगरचा फलक याच काळात कोसळला. नगरसेवक असते तर तो पडला नसता असे म्हणणे धाडसाचे होईल. २०१७ मध्ये नगरसेवक होतेच. परंतु प्रश्न विचारण्याची जागाच बंद असली, तर तक्रार करणाऱ्या नागरिकाने कोठे जावे? २०१५ मध्ये विकास आराखड्याचा सदोष मसुदा नागरिकांच्या हरकतींमुळे सरकारला मागे घ्यावा लागला होता. नियोजनात लोकांनी हस्तक्षेप केला तर तो परिणामकारक होतो, याचे हे अलीकडचे उदाहरण आहे. आता सभागृह पुन्हा अस्तित्वात आले आहे. त्याचा उपयोग करून घेणे हे कार्यकर्त्यांचे काम.

येथे समाजवादी चळवळीने स्वतःलाही एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. झोपडपट्टी पाडू नका ही मागणी चळवळीने सातत्याने केली आणि ती न्याय्य होती. पण अनेकदा लढा तिथेच थांबला. उतारावरची वस्ती वाचली. तिच्यात बंब शिरेल अशी वाट निघाली नाही. वाट काढायची म्हणजे काही घरे हलवावी लागतात, आणि घर हलवण्याचे नाव काढताच रहिवाशाच्या डोळ्यांसमोर माहुल उभे राहते. जिथल्या प्रदूषणाविरुद्ध विस्थापितांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, अशा ठिकाणी कोण राजीखुशीने जाईल? ही भीती खरी आहे. म्हणून तिच्याकडे पाठ फिरवून गप्प राहणे हा उपाय नाही. वाटेत येणाऱ्या आणि कड्याखालच्या कुटुंबांचे त्याच विभागात, आधी घर मग स्थलांतर या क्रमाने पुनर्वसन, ही मागणी चळवळीनेच पुढे आणली पाहिजे. ती आणली नाही, तर सुरक्षिततेच्या नावाखाली वस्ती हटवून जमीन मोकळी करणारे लोक ती आपल्या पद्धतीने आणतील.

यातून एक मर्यादित, पण ठोस कार्यक्रम निघतो. प्रत्येक विभागाचा स्वतंत्र अग्निशमन व बचाव आराखडा असावा. तो प्रभाग समितीत मांडला जावा, त्यावर हरकती मागवल्या जाव्यात आणि विभागाच्या अर्थसंकल्पात त्यासाठी तरतूद व्हावी. अग्निशमन केंद्रासाठी आरक्षित भूखंडाचा वापर बदलण्यास सभागृहाच्या जाहीर चर्चेशिवाय मनाई असावी. रेल्वे, पोलीस, बंदर, म्हाडा यांपैकी जमीन कोणाचीही असो, तिथल्या बांधकामाला आणि फलकाला अग्निशमन दलाची पूर्वसंमती लागावी. सहामाही प्रमाणपत्रांची यादी विभाग कार्यालयात जाहीर लावावी आणि त्यांतील काहींची दलाने अचानक फेरतपासणी करावी. चढावरच्या वस्त्यांसाठी लहान गाड्या, वस्तीतच पाण्याच्या टाक्या आणि प्रशिक्षित तरुणांची पथके हवीत. दुर्घटनेत जिवंत निघणाऱ्यांपैकी बहुतेकांना पहिल्या तासांत शेजारीच बाहेर काढतात, हा जगभरचा अनुभव आहे. त्या शेजाऱ्यांच्या हाती निदान दोर, पहार आणि त्या वापरण्याचे शिक्षण असावे.

यांतील काही गोष्टींसाठी सत्तेची वाट पाहण्याची गरज नाही. पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी शाखेच्या दोघा-तिघा कार्यकर्त्यांनी मोजपट्टी आणि घड्याळ घेऊन आपल्या विभागाच्या सर्वांत उंच वस्तीपासून जवळच्या अग्निशमन केंद्रापर्यंत जावे. गल्लीची रुंदी कोठे किती, वाटेत किती जलस्तंभ आहेत आणि त्यांतून पाणी येते का, संध्याकाळच्या गर्दीत किती मिनिटे लागतात, याची नोंद करावी. ती नोंद घेऊन नगरसेवकाकडे आणि सहायक आयुक्तांकडे जावे, आणि उत्तर लेखी मागावे. आझाद नगरपासून छेडा नगरपर्यंतच्या प्रत्येक घटनेनंतर आकडे जाहीर झाले, ते मृतांचे होते. घटना घडण्यापूर्वीचे आकडे कोणीतरी मोजायला हवेत.